डिंभ्याचे चार ठिपके

आमच्या धंद्यात अडत्या नव्हता. हीच त्याची सगळ्यात मोठी जाहिरात होती आणि सहा वर्षं मी ती समाजमंदिरात, देवळाच्या ओट्यावर, डेअरीच्या रांगेत उभी राहून केली. लोक विचारायचे, "मग मधी खातंय कोन?" मी म्हणायचे, "कुणीच नाही." त्यावर एक तरी जण हमखास हसायचा.

दिवाळीच्या अंकात वाचणाऱ्याला गमतीजमती हव्या असतात. आमच्या कामात त्या पुष्कळ झाल्या, सांगते. पण ज्या गोष्टीमुळे मी हे काम सोडलं ती गमतीची नाही, आणि ती वगळून लिहायचं तर मी लिहिणारच नाही.

आधी धंदा समजून घ्या. आपले फोटो, लग्नाच्या फिल्मा, शाळेचे दाखले हे सगळं हल्ली कुठल्यातरी बड्या कंपनीच्या कॉम्प्युटरांवर, आपण कधी न पाहिलेल्या जागी पडून असतं. पुण्याच्या काही मंडळींनी ठरवलं की तसलं एक मोठं गोदाम नकोच. जुन्नर-आंबेगावातल्या घराघरांत एकेक डबा ठेवायचा. डबा म्हणजे छोटासा कॉम्प्युटर, आत डिस्क, मागं इंटरनेटची वायर. सगळे डबे एकमेकांना जोडलेले आणि वर मालक कुणीच नाही. कुणाला काही जपून ठेवायचं असलं की ते काम जाळ्यावर पुकारलं जायचं: एवढं सामान आहे, इतके महिने ठेवायचंय, कोण काय दरानं ठेवतो? डब्याच्या मालकानं आपला दर डब्यात भरून ठेवलेला असायचा. डबे आपापसात बोली लावायचे, लिलाव डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उरकायचा आणि सगळ्यात स्वस्त बोलीवाल्या तीन डब्यांत त्या सामानाच्या तीन प्रती जायच्या. एक डबा बिघडला तर उरलेल्या दोघांवरून नवी प्रत काढायची आणि तिचा पुन्हा लिलाव. त्यामुळे कधी काही हरवणार नाही, असं गणित होतं.

मी वारूळवाडीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. त्या मंडळींना गावात हिंडणारं, लोकांची भाषा बोलणारं माणूस हवं होतं. मी समन्वयक झाले. म्हणजे डबा बसवायचा, मालकाचे कागद तपासायचे, नकाशावर त्याच्या घराचा ठिपका टाकायचा आणि डबा बंद पडला की स्कूटी काढायची.

बोली गुपित असते हे लोकांना समजावणं मला सोपं गेलं, कारण माझे वडील बैलबाजारातले दलाल होते. म्हणजे मधी खाणारेच. बैलाचा सौदा ते उपरण्याखाली करायचे. समोरच्याचा हात उपरण्यात घ्यायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळायचं नाही. मी लोकांना सांगायचे, आपल्या जाळ्यात असंच आहे. प्रत्येक डब्याचा हात उपरण्याखाली. सगळ्यांचे आकडे आले की मगच उपरणं काढायचं. हे लोकांना लगेच पटायचं.

पटायचं नाही ते पुढचं. नियम असा, की सगळ्यात कमी बोलीचे तीन डबे काम जिंकणार, पण पैसे त्यांना हरलेल्या चौथ्याच्या दरानं मिळणार. वारूळवाडीच्या सभेत एक आजोबा उठून म्हणाले, "म्हंजी मी बारा मागितले आन् तुमी मला पंधरा देनार? येड लागलंय का काय त्या पुन्याच्या लोकास्नी?" मी सांगितलं, की यामुळे कुणाला खोटा दर लावायची गरज उरत नाही. तुम्हाला खरोखर जेवढ्यात परवडतं तेवढंच लिहा, त्यातच तुमचं भलं आहे. आजोबा खाली बसले, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता.

पुढच्या महिन्यात गंमत झाली. कुणीतरी शोध लावला, की पैसे चौथ्याच्याच दरानं मिळणार असतील तर आपण शून्य लिहावं. काम नक्की आपल्याला आणि दर दुसऱ्याचा! ही युक्ती डेअरीच्या रांगेत एका सकाळी सगळ्यांना कळली. महिनाभर अख्ख्या वारूळवाडीनं शून्याला बोली लावली आणि महिनाभर सगळ्यांना शून्य मिळालं. लोक माझ्याकडे भांडायला आले. मी म्हटलं, चौथ्याला जाऊन भांडा. चौथा कोण ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण सगळेच चौथे होते.

एक पाटील होते, ते डब्यावर ओला फडका घालून ठेवायचे. शेतावरची मोटर तापली की ते असंच करत. "दिसभर काम करतंय बिचारं," म्हणायचे. दोन डबे त्यांनी असे संपवले. एकजण धुतलेली टोपी घालून माझ्या क्लासवर आला आणि म्हणाला, मला लिलाव बघायचाय. मी त्याला स्क्रीनवर सरसर वर जाणाऱ्या ओळी दाखवल्या. बराच वेळ बघून तो म्हणाला, "ह्यात माणूस कुठंय?" मला त्या वेळी हे फार विनोदी वाटलं होतं. घरी जाऊन मी ते सांगून सगळ्यांना हसवलं.

आता डिंभ्याचं सांगते.

धरणाच्या कडेला बबन नावाचा एक मासेमारी करणारा माणूस राहतो. हुशार माणूस, शिक्षण नववी. त्यानं डबा घेतला आणि दोन महिन्यांनी मला फोन केला, "ताई, येका डब्यात काय मजा न्हाई. अजून तीन द्या." मी म्हटलं, नियम एका माणसाला एकच डबा असा आहे.  आणि मग मीच बोलले, "वहिनींच्या नावावर घे की. एक आईच्या नावावर घे. भावाचं नाव आहेच."

हे मी काही वेगळं सांगितलं असं मला वाटलंच नाही. आपल्याकडे असंच चालतं. डेअरीचा शेअर बायकोच्या नावावर, ठिबकचं अनुदान आईच्या नावावर, गॅस भावाच्या नावावर. घर एक, चूल एक, कागदावर चार कुटुंबं. फॉर्मवर नाव मागतात म्हणून नाव द्यायचं, त्यापलीकडे त्याचा काही अर्थ असतो हे आमच्या डोक्यातच येत नाही. मी चारही फॉर्म स्वतः भरले. भाऊ चाकणला कंपनीत होता, त्याची सही बबननंच केली आणि मी दुसरीकडे बघितलं.

नकाशावर ठिपके टाकायला बसले तर अडलं. एका जागी एकच डबा, दुसरा ठिपका मशीन घेईना. मी पहिला ठिपका बबनच्या घरावर ठेवला, दुसरा शाळेवर सरकवला, तिसरा एसटीच्या थांब्यावर आणि चौथा पलीकडच्या वस्तीत टाकला. मशीननं चारही घेतले. चार ठिपके डिंभ्यात छान पसरलेले दिसले. पुण्याची मंडळी बैठकीत म्हणाली, बघा, धरणाच्या टोकापर्यंत आपण पोचलो. मी खूश झाले, खोटं कशाला सांगू.

बबननं त्या चार डब्यांचं काय केलं ते ऐका. स्वतःचा, बायकोचा आणि आईचा डबा स्वस्तात लावला. भावाचा जरा वर ठेवला. म्हणजे जिंकणारे तिघं घरातले आणि ज्याच्या दरानं पैसे मिळायचे तो चौथाही घरातलाच. तो हसत मला म्हणाला, "ताई, उपरण्याखाली दोन्ही हात माझंच हायती." पुण्याच्या शिकलेल्या लोकांनी ज्या नियमात खोट निघणार नाही असं छातीठोक सांगितलं होतं, तो नियम यानं तीन महिन्यांत उलगडला. मला त्याचं कौतुक वाटलं. मी हे कुणाला कळवलं नाही. डिंभ्यात धंदा चांगला चाललाय एवढंच कळवत राहिले.

याच सुमाराला लोणीचे रोकडे मास्तर माझ्याकडे आले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांच्या आधीच्या पिढीनं छप्पन सालानंतर बौद्ध धम्म स्वीकारला. त्या दिवसांत ज्या बायका तरण्या होत्या, नव्यानं नांदायला आलेल्या होत्या, त्यांच्याकडे मास्तर आठ वर्षं मोबाईल घेऊन जात होते. देव्हाऱ्यातले देव काढले त्या दिवशी तुमच्या मनात काय आलं, एवढा एकच प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसायचं, ही त्यांची पद्धत. लोणीच्या आणि आसपासच्या मिळून चौतीस बायका बोलल्या होत्या. त्यांत त्यांची आईही होती.

"लई जनींनी नवऱ्याला सांगितलं न्हाई ते ह्यात सांगितलंय," मास्तर म्हणाले. एका बाईनं म्हणे भीतीपोटी देवाचा एक टाक वर्षभर धान्याच्या कणगीत लपवून ठेवला होता. रोज धान्य काढताना हाताला लागायचा. हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांच्या मोबाईलला सांगितलं आणि सांगून झाल्यावर चहा करायला उठली. "आता ह्यातल्या बऱ्याच गेल्या. माझा मोबाईल भरलाय, हँग व्हतोय. तुमच्या जाळ्यात हे ठेवलं तर कुनाच्या घरात पडंल?"

मी माझं नेहमीचं भाषण केलं. कुणाच्याही एका घरात नाही, तीन घरांत. कुलूपबंद. ज्याच्या घरात डबा आहे त्यालाही उघडता येणार नाही, मलाही नाही, किल्ली फक्त तुमच्याकडं.

मास्तरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, मला विचाराल तर तुमच्याच घरी कपाटात एक पेनड्राईव्ह ठिवला असता. मानूस वळखीचं असलं म्हंजी बरं."

मी हसले. त्यांना म्हटलं, "मास्तर, माझ्या घराचा काय भरवसा? एका घरावर, एका माणसावर विसंबायचं नाही म्हणून तर हे जाळं विणलंय." हे वाक्य मला फार आवडायचं. प्रत्येक सभेत मी ते म्हणायचे.

त्यांच्या मुलाखती जाळ्यावर चढवायला अख्खा दिवस गेला. संध्याकाळी तिन्ही प्रती पोचल्याची खूण आली. मास्तरांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. तो रिकामा करायचा होता, पण त्यांचा अंगठा बटणावर जाईना. "तुमीच करा," म्हणाले. मी केलं. एका झटक्यात मोबाईल मोकळा झाला आणि मी त्यांना म्हटलं, बघा, आता कसा पळतोय.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात डिंभ्याला वळवाच्या वाऱ्यात खांबावरची न्यूट्रलची तार तुटली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, न्यूट्रल तुटला की घरात दुप्पट व्होल्टेज घुसतं. बबनचा टीव्ही गेला, फ्रिज गेला, पंखे गेले. चारही डबे एकाच खोलीत, एकाच फळीवर, प्लगच्या एकाच पट्टीला लावलेले. चारही धुरात गेले.

माझ्या स्क्रीनवर दुपारी चार ठिपके लाल झाले. मला काही विशेष वाटलं नाही. डिंभ्याची लाईट जातेच. दुसऱ्या दिवशी जुन्नरला एक काम होतं, तिसऱ्या दिवशी क्लासच्या परीक्षा. चौथ्या दिवशी जाळ्यावरून निरोप आला, की काही सामानाच्या तिन्ही प्रती एकाच वेळी गेल्या असून नवी प्रत कुठूनही काढता येत नाही. असा निरोप मी सहा वर्षांत कधी पाहिला नव्हता. सामानाच्या यादीत नावं नसतात, नुसते लांबलचक नंबर असतात. मी रजिस्टर काढून एकेक नंबर जुळवला. बहुतेक लग्नाच्या फिल्मा होत्या, त्यांच्या नकला फोटोग्राफरकडं होत्या. शेवटचा नंबर रोकडे मास्तरांचा निघाला.

मी लगेच डिंभ्याला निघाले. वाटेत सारखं वाटत होतं, की डबा जळला तरी आतली डिस्क शहरात नेऊन कुणीतरी उघडून देईल. असे लोक असतात, मला माहीत होतं. बबन घरी नव्हता. त्याची बायको म्हणाली, "व्हय ताई, जळालं समदं. सासूबाईंनी भंगारवाल्याला देऊन टाकलं. उद्या अवस हाय, जळकी वस्तू घरात नको म्हनल्या." मी विचारलं, कधी? "आत्ता सकाळच्याला."

घोडेगाव, मंचर, सगळी भंगाराची दुकानं मी पालथी घातली. मंचरच्या एका दुकानात बबनच्या घरचा टीव्ही सापडला. डब्यांचं विचारलं तर दुकानदारानं कोपऱ्यातला पत्र्यांचा ढीग दाखवला. "अॅल्युमिनियमचा भाव चांगलाय म्याडम, फोडूनच घेतो आमी." ढिगात डिस्कच्या आतल्या गोल चकत्या होत्या, हातोड्यानं वाकलेल्या. त्या आरशासारख्या चकचकीत असतात. मी त्यातल्या सात वेचल्या. कुठल्या कुणाच्या, सांगता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी उपयोग नव्हता. मी तिथंच पत्र्यावर बसून रडले. दुकानदारानं पाण्याची बाटली आणून दिली. त्याला वाटलं, माझे दागिने बिगिने गेले असावेत.

पुण्याच्या मंडळींनी चौकशी केली. ते म्हणाले, प्रणालीत दोष नाही. तीन वेगळी नावं, तीन वेगळ्या जागा, प्रणालीनं तर बरोबरच निवड केली होती. खरंच होतं ते. मशीननं मला विचारलं होतं, हे डबे कुठं आहेत? आणि मी शाळा, एसटीचा थांबा आणि पलीकडची वस्ती असं उत्तर दिलं होतं. बबनला मी दोष देत नाही. त्याला युक्ती सुचली, तिच्यासाठी लागणारी चार नावं आणि चार जागा मी पुरवल्या. मी राजीनामा दिला. कुणी थांबवलं नाही. जाळंही पुढं वर्षभरातच गुंडाळलं गेलं, डबे आता लोकांच्या माळ्यावर पडून असतील.

लोणीला जाऊन सांगायला मला आठ दिवस लागले. मास्तर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, ठिपके सरकवले तेसुद्धा. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, परत उघडली, परत घातली. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "आईचं पन?" मी मान हलवली.

मग ते म्हणाले, "चौतिसातल्या आता पाच उरल्यात. दोघी वळखत न्हाईत. येक मुंबईला लेकाकडं हाय, तिला बोलता येत न्हाई. येकीनं मागंच सांगितलं, पुन्हा विचारू नगं. ऱ्हायली हौसाकाकी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चला. तुमीबी चला."

हौसाकाकीचं घर दोन गल्ल्या सोडून. नव्वदीची बाई, भिंतीला पाठ लावून शेंगा फोडत बसली होती. मास्तरांना बघून हसली. मास्तर समोर बसले, मोबाईल मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "काकी, त्या दिसाचं पुन्हा येकदा सांगती का? देव काढलं त्या दिसाचं."

"सांगितलं की तुला," काकी म्हणाली. "दोन दिस सांगत व्हते. रडले बी व्हते."

"पुन्हा सांग."

"आता पुन्हा कुठनं?" तिनं शेंग बाजूला ठेवली. "आठवत न्हाई बाबा. तुला सांगितलं आन् डोसक्यातनं गेलं. म्हनलं, ऱ्हाईल ह्याच्याकडं." ती माझ्याकडे वळली. "तू कोन गं? तू ऐकलंस का माझं ते?"

मी त्यातलं एकही अक्षर ऐकलेलं नव्हतं. चौतीस बायकांचा आवाज माझ्या हातून गेला, जाताना तो कसा होता हेही मला ठाऊक नाही. मी म्हणाले, "ऐकलं, काकी."

"मग बरं झालं," काकी म्हणाली. ती पुढं सरकली आणि तिनं मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझी सासू त्या दिशी मला काय बोलली, ते मी सांगितलं व्हतं बघ तुला. चांगलं बोलली व्हती. जलमात येकदाच बोलली. काय बोलली ते काय केल्या ध्यानात येईना. तेवढं लाव की. ऐकू दे मला."

मास्तरांनी मोबाईल उचलला.  मग म्हणाले, "बॅटरी उतरलीय, काकी."

"मंग लाव चार्जिंगला," काकी म्हणाली. "तिथं भिताडावर हाय बटन. मला कुठं जायचंय?"

लाईट होती. मास्तरांनी उठून मोबाईल चार्जिंगला लावला, आणि आम्ही तिघं बसून राहिलो.